जागेवरची सायकल

सायकल म्हटली की रस्ता आलाच, असे आपल्याला वाटते. पण वर्षानुवर्षे चालवूनही घराचा उंबरठा न ओलांडणारी एक सायकल आहे. तिला घंटी नसते, टायर नसतात, आणि ब्रेक असतो तो थांबण्यासाठी नव्हे, तर कष्ट वाढवण्यासाठी! ही व्यायामाची सायकल होय. तिचा एक प्रकार खुर्चीसारखा असतो. पाठ टेकून बसायचे, पाय पुढे करायचे आणि समोरचे पायडल फिरवायचे. तिला 'रिकम्बंट बाइक' म्हणतात. आपण तिला टेकून बसायची सायकल म्हणू या.

अशी सायकल हवी कशाला? नरडाण्याचेच उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर वसले आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर त्याचे स्टेशन आहे. शेतात निंदणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची फारशी गरज नाही; त्याला गरज आहे विश्रांतीची. प्रश्न आहे तो दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराचा, ट्रकचालकाचा, शिलाईयंत्रावर वाकलेल्या बाईचा आणि गुडघे आखडलेल्या दादीचा किंवा नानीचा. डॉक्टर सांगतात, "रोज चाला." पण चालायचे कुठे? महामार्गाच्या कडेने धडधडत ट्रक जातात. मे महिन्यात खानदेशात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. पहाटे अंधारात एकटीने बाहेर पडणे अनेक बायकांना जमत नाही. मग चालणे थांबते. मधुमेह मात्र थांबत नाही.

टेकून बसायच्या सायकलीचा उपयोग येथे होतो. शरीराचा भार आसनावर आणि पाठीवर पडतो, गुडघ्यांवर पडत नाही. तोल जाण्याची भीती नसते. कंबर दुखत असली तरी पाठीला आधार मिळतो.

आता ही सायकल चालते कशी, ते पाहू. तुम्ही कडबा कापायचे हातयंत्र पाहिले असेल. त्याचे मोठे, जड चाक एकदा फिरू लागले की आपल्या वजनामुळे फिरतच राहते आणि हाताला हिसके बसत नाहीत. व्यायामाच्या सायकलीतही असेच एक जड चाक असते. त्यामुळे पाय एका लयीत फिरतात. या चाकाजवळ लोहचुंबक बसवलेले असते. धातूचे चाक चुंबकाजवळून फिरले की चाकात विजेचे बारीक प्रवाह निर्माण होतात, आणि ते चाकाच्या गतीला विरोध करतात. बटण फिरवले की चुंबक चाकाच्या जवळ येते व पायडल जड होते. चुंबक चाकाला शिवत नाही. म्हणून घासणे नाही, आवाज नाही. साध्या सायकलीला घरची वीजही लागत नाही. वीज गेली तरी व्यायाम चुकत नाही. (सबब मात्र एक कमी होते.)

विजेने रोध निर्माण करणारी अशी सायकल डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1913 मध्ये प्रयोगशाळेसाठी बनवली. माणूस किती काम करतो आणि त्यासाठी किती प्राणवायू वापरतो, हे त्यांना मोजायचे होते. पुढे 1920 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्यांवरील संशोधनासाठी. टेकून चालवायची सायकल तर रस्त्यावरही धावली. 1933 मध्ये फ्रान्सिस फॉर याने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवरून एका तासात 45 किलोमीटरहून अधिक अंतर तोडले आणि जुना विक्रम मोडला. तेव्हा सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1934 मध्ये असल्या सायकलींना शर्यतींतूनच बाद केले! अंतराळस्थानकातही व्यायामाची सायकल आहे. पण तिला आसनच नाही. तेथे वजनच जाणवत नाही, तर बसायचे कशाला?

सायकलवर बसताना पाठ टेकणाला पूर्ण लागली पाहिजे. पाय पुढे लांब केला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा. तो ताठ होत असेल तर आसन पुढे घ्यावे. फार वाकत असेल तर मागे सारावे. पहिली पाच मिनिटे पायडल अगदी हलके ठेवावे. मग वेग असा असावा, की बोलता येईल पण गाता येणार नाही. नाडीही मोजता येते. नाडी म्हणजे तुमच्या उर्दूतील 'नब्ज'. पंधरा सेकंदांतील ठोके मोजून त्यांना चाराने गुणले की एका मिनिटाचे ठोके मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात.

सायकलच्या पडद्यावरील आकड्यांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. आपणच हिशेब करू. एखादी आजी 50 वॅटच्या जोराने अर्धा तास पायडल मारते. छताचा साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो. म्हणजे तिच्या कष्टावर पंखाही नीट फिरणार नाही. शरीर आपल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामात उतरवते, बाकीची उष्णता होते. हे सारे धरले तरी सुमारे शंभर कॅलरी खर्च होतात. कळण्याच्या एका मोठ्या भाकरीत याहून जास्त असतात! तेव्हा केवळ वजन उतरवण्यासाठी कोणी सायकल घेणार असेल तर त्याची निराशा होईल. खरा लाभ वेगळा आहे: चालणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात, मांड्या बळकट होतात, हृदयाला सवय लागते. हातांना मात्र या सायकलने व्यायाम मिळत नाही, आणि हाडे बळकट होण्यासाठी अंगाचा भार पायांवर घेऊन चालणेच जास्त उपयोगी.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी व हृदयरोग्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उपवास किंवा रोजा असेल तर वेळही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दरदरून घाम सुटला तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. लहान भावंडांची बोटे चाकापासून व पायडलपासून दूर ठेवावीत. आणि विकत घेण्यापूर्वी दादीलाच दुकानात नेऊन सायकलवर बसवून पाहावे. तिला आपले आपण बसता-उठता आले नाही, तर महिन्याभरात त्या सायकलवर कपडे वाळत घातलेले दिसतील.