वाण, पाणी आणि रोहू

माशांची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) आखूड दिसली की ‘हा वाणच खुजा’ असं म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे. आंध्रात कोलेरू तलावाच्या परिसरात मात्र मत्स्यपालक रोहू-कटल्याची बोटुकली मुद्दाम वर्षभर दाटीत आणि बेताच्या खाद्यावर ठेवतात. मग ती मोकळ्या तळ्यात सोडली की झपाट्याने अंग धरते. म्हणजे खुजेपण रक्तात नव्हतं, ते दाटीचं आणि उपासमारीचं होतं.

‘जयंती रोहू’ या सुधारित वाणाबद्दलचा गैरसमज याच्या उलटा आहे. त्यात बाहेरचं जनुक घातलंय, असं अनेकांना वाटतं. तसं काहीही नाही. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने १९९२मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसह गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांमधले रोहू एकत्र आणले. पिढ्यान्‌पिढ्या जलद वाढणाऱ्या कुटुंबांतले मासे निवडून त्यांचाच पुढे संकर केला, आणि दर पिढीला वाढीत सरासरी सुमारे १७ टक्के भर पडली. गाईम्हशींची पैदास सुधारतात तीच ही रीत. पण हा वाण आणला म्हणून कामं संपत नाहीत. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. अशा तळ्यात जयंतीचंही काही चालत नाही.

बीजकेंद्रात प्रजनक माशांना देतात त्या इंजेक्शनचा धसका तर निव्वळ अनाठायी. रोहूची अंडी तळ्यात पिकतात, पण पावसाळी नदीचा लोंढा नसल्याने मादी ती सोडत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून हा अडसर दूर केला. इंजेक्शन फक्त तो शेवटचा इशारा देतं. मासा फुगवण्याशी त्याचा संबंध नाही, आणि आधीचे काही महिने प्रजनकांची आबाळ झाली असेल, अंडी पिकलीच नसतील, तर त्याचा उपयोगही होत नाही.

‘तळ्यातला सगळ्यात मोठा नर आणि मोठी मादी घ्या, बीज उत्तमच येणार’, ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. किलोभर वजनाची रोहू मादी दोनेक लाख अंडी देते, त्यामुळे चार-पाच माद्यांत बीजकेंद्राची गरज भागते. पुढच्या वर्षी त्यांचीच पिल्लं प्रजनक होतात, म्हणजे भावंडांचाच जोड लागतो. त्यातून वाढ मंदावते आणि पिल्लं जास्त मरतात, काही वेडीवाकडी निपजतात. त्यात मोठे मासे बाजारात विकून उरलेले लहान मासे पैदाशीला ठेवले, तर नकळत मंद वाढीचीच निवड होत राहते. हे नुकसान पाणी बदलून किंवा पेंड वाढवून भरून निघत नाही.

म्हणून मत्स्यजिरे (माशांची इवली पिल्लं) घेताना भाव विचाराच, पण प्रजनक कुठून आणले, त्यांत बाहेरचं रक्त शेवटचं कधी आलं आणि हंगामात किती जोड्या लावल्या, हेही विचारा.