कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेतील ऊब कशी राखावी

2018 सालच्या डिसेंबरअखेर नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात किमान तापमान 2 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरले होते. ज्या मुलखात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निजलेला असतो, तेथे एवढ्या थंडीने त्याचे काही बिघडत नाही. आपल्याकडील स्थिती निराळी आहे. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केल्यामुळे ऐन थंडीत वेलावर हिरवी पाने आणि वाढते घड असतात. पानांवरील दव गोठले म्हणजे पेशींतील पाणीही गोठण्याचा धोका उत्पन्न होतो, आणि वर्षभराच्या खर्चाचे पीक एका पहाटेत करपते. म्हणून बागेचे तापमान शून्याच्या वर कसे राहील, हे आधीच समजून घेतले पाहिजे.

दिवसा सूर्याची उष्णता जमीन साठविते व रात्री ती आकाशाकडे सोडते. आकाशात ढग असल्यास ही उष्णता काही अंशी परत येते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असा योग जुळला म्हणजे मात्र ती वेगाने निघून जाते. अशा रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक थंड होते. उघड्या आकाशाखालील पान तर सभोवतालच्या हवेहूनही काही अंश थंड असते. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या आडोशाला ठेवलेला असतो. त्यावर 3 अंश दिसत असता शेजारच्या शेतात पानावर बर्फ असणे मुळीच अशक्य नाही. यासाठी वर्तमानपत्रातील आकड्यावर विसंबून न राहता बागेत, वेलाच्या उंचीवर, स्वतःचा तापमापक टांगावा. बागेचा सर्वांत सखल भाग त्यासाठी निवडावा, कारण थंड हवा जड असल्याने पाण्याप्रमाणे उताराकडे वाहते व खोलगट जागी साचते. उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण असेल तर बांधाने पाणी अडावे तशी ही हवा तेथे अडते. अशा कुंपणात खालच्या अंगास मोकळी वाट ठेवल्यास बिनखर्चात पुष्कळ काम होते.

जमिनीतील उष्णता हा शेतकऱ्याचा खरा साठा होय. कोरड्या, भुसभुशीत मातीच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि हवेतून उष्णता सहज वाहत नाही. ओली, बसलेली माती दिवसा अधिक उष्णता घेते व रात्री ती वर पोहोचविते. म्हणून थंडीची लाट येण्याचा इशारा मिळताच दोन ओळींमधील जमीन नांगरू किंवा कुळवू नये, तेथील तण कापून घ्यावे आणि जमीन ओलसर ठेवावी. पाचटाच्या आच्छादनाविषयी गैरसमज आढळतो. आच्छादन मुळांना ऊब देते हे खरे. परंतु तेच जमिनीची उष्णता खाली कोंडून ठेवते व वरची पाने उपाशी राहतात. तेव्हा मुळांजवळचे आच्छादन राहू द्यावे, पण दोन ओळींमधील पट्टा काही दिवस उघडा करावा.

विहिरीचे पाणी हिवाळ्यातही कोमट लागते. ते 20 अंशांचे धरले व बागेत 5 अंशांपर्यंत निवले, तर प्रत्येक लिटरमागे 15 किलोकॅलरी उष्णता मिळते. एका एकरात 25 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 1 लाख लिटर. त्यातून 15 लाख किलोकॅलरी, म्हणजे अंदाजे 4 क्विंटल सुके लाकूड जाळण्याइतकी उष्णता जमिनीलगत मिळते. ठिबकचे पाणी थोड्याच जागी मुरते, म्हणून अशा रात्री शक्य असल्यास सरीने पाणी द्यावे. मात्र मण्यांत पाणी उतरू लागलेल्या, बरेच दिवस ताण दिलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी देणे धोक्याचे आहे, मणी तडकतात. ओलावा आधीपासून बेताने राखणे हाच तेथे उपाय.

तुषार सिंचनाचा उपाय सर्वांत प्रभावी असला तरी अर्धवट केल्यास घातकही तोच. पाणी गोठताना प्रत्येक किलोमागे 80 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे बर्फाच्या थराखालील पान शून्याच्या आसपास टिकून राहते. परंतु पाण्याची वाफ होताना सुमारे 600 किलोकॅलरी खर्ची पडतात. फवारा मध्येच थांबला की ओले पान कोरड्या पानाहून अधिक थंड होते. म्हणून एकदा सुरू केलेला फवारा सूर्योदयानंतर बर्फ वितळेपर्यंत चालू राहिला पाहिजे. रात्रीच्या विजेची खात्री नसेल व डिझेल पंपही हाताशी नसेल, तर या उपायाच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे.

धुराबद्दल दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. बागेभोवती धूर कोंडला की थंडी अडते, असा समज गावोगाव आहे. वस्तुतः धुराचे बारीक कण जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवीत नाहीत. उपयोग होतो तो विस्तवाच्या धगीचा. उलट सकाळी रेंगाळलेला धूर सूर्याची ऊन किरणे अडवून बाग उशिरा तापवितो. त्यातही एकच मोठा जाळ केल्यास उष्ण हवा सरळ वर निघून जाते व तिच्या जागी बाजूची थंड हवा ओढली जाते. लहान लहान शेकोट्या बागेत ठिकठिकाणी, वेलांपासून सुरक्षित अंतरावर, पहाटेपूर्वी पेटवाव्यात. टायर मुळीच जाळू नयेत. त्याची काजळी घडांवर बसते आणि धूर माणसांना बाधतो.

भाजीपाल्याची रोपवाटिका लहान असल्याने तिचे काम सोपे. सायंकाळी ऊन असतानाच कमानींवर कापड अथवा प्लॅस्टिक ओढावे, ते पानांना टेकू देऊ नये, आणि सकाळी ऊन चढताच काढावे.

एवढे करूनही काही शेंडे काळे पडलेच, तर लगेच कात्री चालवू नये. कोणता भाग मेला व कोठून नवी फूट येणार, हे काही दिवसांनी स्पष्ट दिसते. छाटणी तेव्हा करावी.