वेगळ्या घडणीची मुले आणि मैदान

ज्या मुलाला वर्गात एका जागी बसवत नाही, त्याचा खेळाचा तास काढून घेणे ही आपल्या शाळांतील एक जुनी शिक्षा होय. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. परंतु अशा मुलाच्या बाबतीत ही शिक्षा नेमका उलटा परिणाम करते. परभणीसारख्या जिल्ह्यात तज्ज्ञ डॉक्टर खेड्यापासून दूर असतात. मैदान मात्र बहुतेक गावांत असते. म्हणूनच या विषयाचा विचार येथे अगत्याने व्हावयास हवा.

काही मुलांच्या मेंदूची व मज्जासंस्थेची जडणघडण मुळातच निराळी असते. अशा मुलांना अलीकडे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ असे संबोधले जाते. स्वमग्नता, अतिचंचलता व अवधानाचा अभाव, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता या अवस्था या संज्ञेत मोडतात. ही बाहेरची बाधा नव्हे आणि आईबापांच्या संगोपनातील दोषही नव्हे. व्यायामाने मूल ‘बरे’ होईल, अशी आशा कोणी दाखवू नये. व्यायामाने जे साधते ते वेगळे आहे, आणि तेही थोडे नाही.

दम लागेल असा व्यायाम केला असता मेंदूतील डोपामाइन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचे कार्य वाढते. लक्ष टिकविणे, मनात आलेली ऊर्मी क्षणभर आवरणे या कामी हीच रसायने लागतात. अतिचंचल मुलांना दिली जाणारी औषधेही मुख्यतः यांच्यावरच काम करतात. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 8 ते 10 वर्षे वयाच्या मुलांना एके दिवशी 20 मिनिटे चालत्या पट्ट्यावर व्यायाम दिला आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ बसून वाचन करू दिले. व्यायामानंतर अतिचंचल मुलांची वाचन व गणित या दोहोंतील कामगिरी सरस ठरली. अशी मुले अवघी 20 होती, हे खरे. शिवाय असा परिणाम दिवसभर टिकत नाही. परंतु त्यातूनच वेळापत्रकाची एक साधी युक्ती सुचते. खेळाचा तास शाळा सुटताना ठेवण्याऐवजी गणिताच्या तासाआधी ठेवावा.

स्वमग्न मुलांविषयीचा एक अभ्यास 1984 सालचा आहे. 15 मिनिटे चेंडू खेळल्याने विशेष फरक पडला नाही. मात्र 15 मिनिटे सलग धावल्यानंतर हात हलविणे, झुलणे यांसारख्या पुनरावृत्तीच्या हालचाली काही काळ कमी झाल्या. या हालचाली म्हणजे पुष्कळदा मुलाने स्वतःला शांत करण्याचा केलेला प्रयत्न असतो. त्या बळेच थांबविणे हा व्यायामाचा उद्देश असू नये. धावून आलेले मूल शांत झोपते, हाच लाभ रात्री जागणाऱ्या मातेला अधिक मोलाचा वाटेल. काही औषधांमुळे या मुलांचे वजन वाढते, तेथेही व्यायाम उपयोगी पडतो.

कोणता व्यायाम द्यावा? खो-खो हा आपला उत्तम खेळ; पण पाठीवर अचानक पडणारी थाप, क्षणोक्षणी बदलणारी परिस्थिती आणि भोवतालचा कल्ला हे स्वमग्न मुलास असह्य होऊ शकते. शिट्टी आणि ध्वनिक्षेपकावरील कवायतीचेही तेच. त्याऐवजी धावणे, सायकल, पोहणे किंवा सूर्यनमस्कार यांनी आरंभ करावा. सूर्यनमस्काराच्या 12 स्थिती रोज त्याच क्रमाने येतात, आणि ठरलेला क्रम या मुलांना मानवतो. पाण्याची लहान घागर उचलणे, वाफ्यात फावडे मारणे अशा जड कामांतून स्नायू व सांध्यांना दाब मिळतो व काही मुले त्याने स्थिरावतात. (याचा अर्थ मुलाला मजुरीस जुंपावे असा नव्हे!) जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांनाही दररोज सरासरी 60 मिनिटांच्या व्यायामाची शिफारस केली. आरंभ मात्र 5 मिनिटांनीही चालेल.

आपल्या मल्लखांबाचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. मुंबईच्या शिवाजी पार्क येथील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी अंध व दिव्यांग मुलांनाही ही विद्या शिकविली. 2024 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मल्लखांबावर प्रतिस्पर्धी अंगावर येत नाही. खांब जागचा हलत नाही. पकड, तोल आणि आपल्या शरीराचे भान या तिन्ही गोष्टी त्यावर एकदमच घडतात. तथापि ज्यांना अपस्माराचे झटके येतात, त्यांनी उंचीवरचा वा पाण्यातला व्यायाम वैद्यकीय सल्ल्याशिवाय व सोबतीशिवाय करू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे मणके व हृदय तपासल्याखेरीज त्यांना कोलांटी वा शीर्षासन देऊ नये.

पाण्याविषयी आणखी थोडे. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि ती नकळत घरातून निघून जातात. त्यांच्यात बुडण्याचे प्रमाण इतर मुलांहून अधिक आढळले आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या आणि जायकवाडीचा डावा कालवा ज्या जिल्ह्यातून वाहतात, तेथे पोहणे शिकविणे ही व्यायामापेक्षा मोठी गोष्ट आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 अन्वये शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी होते; मुलाच्या वाढीविषयी शंका असल्यास पालकांनी ती त्याच वेळी पथकापुढे मांडावी. मैदानावर जाण्यासाठी मात्र कोणत्याही प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

परभणीचा उन्हाळा 40 अंशांपलीकडे जातो. काही मुलांना तहान लागल्याचे सांगता येत नाही, आणि अपस्मारावरील काही औषधांनी घाम कमी येतो. तेव्हा फेब्रुवारीनंतर व्यायाम सूर्य वर येण्याआधी उरकावा व ठरावीक वेळेने पाणी पाजावे. गंगाखेड, सोनपेठ भागातील जी कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलाचा क्रम मध्येच तुटतो. अशा मुलाच्या आईवडिलांना निघण्यापूर्वी शिक्षकांनी तो क्रम चित्रे काढून कागदावर द्यावा: आधी धावणे, मग नमस्कार, मग पाणी. फडावर जागा निराळी असली तरी क्रम तोच राहील.