विभागणाऱ्या पेशींची मोजदाद

जबलपूरच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत आतड्याच्या गाठीची तपासणी शेजारी बसून पाहिली. गाठीचे तुकडे मेणात बसवलेले होते. तंत्रज्ञ मायक्रोटोमचं चाक फिरवत होता. चार मायक्रॉनचा पापुद्रा सुटला की तो कोमट पाण्यावर पसरवायचा आणि अलगद काचेवर उचलायचा.

पहिला प्रश्न असतो, गाठ खरंच अनैच्छिक स्नायूची आहे का? आतड्याच्या भिंतीतल्या लांबट पेशींच्या गाठी पूर्वी सरसकट स्नायूच्या धरत. 1998 मध्ये जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी किट जनुकातला बदल दाखवला आणि त्यातल्या बऱ्याच गाठी ‘जिस्ट’ या वेगळ्याच प्रकारच्या ठरल्या. किट आणि डॉग-1 या तपासण्या त्यासाठीच. त्या नकारात्मक येऊन डेस्मिन हे स्नायूचं प्रथिन उमटलं, तर लायोमायोसार्कोमाकडे, म्हणजे अनैच्छिक स्नायूच्या कर्करोगाकडे, बोट जातं. इमॅटिनिबची गोळी बहुतेक जिस्टवर चालते, लायोमायोसार्कोमावर नाही.

मग ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे याची प्रत. पेशी मूळ स्नायूपासून किती बदलल्या, गाठीचा किती भाग मेला आणि किती पेशी विभागताहेत, यावर तो ठरतो. विभागणाऱ्या पेशी मोजताना डॉक्टरबाई एका पेशीवर थांबल्या. “केंद्रकाचं आवरण गेलंय, कडा केसाळ आहेत. ही धरायची.” पुढची काळी, गुळगुळीत, आक्रसलेली. “ही मरतेय. सोडायची.”

डीएनए मोजून ग्रेडचा निवाडा सोपा होईल, अशी आशा होती. मेणातल्या जुन्या गाठींमधला डीएनए फ्लो सायटोमेट्रीने मोजण्याची रीत हेडली आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडली. त्यासाठी जाड काप घेतात, कारण पातळ कापात केंद्रकंच चिरली जातात आणि डीएनए कमी भरतो. पेप्सिनने केंद्रकं सुटी करून रंगवतात. आलेखात निरोगी पेशींच्या शिखराशेजारी वेगळं शिखर उभं राहिलं, तर गुणसूत्रांचा हिशेब बिघडलेला असतो. अशी शिखरं वरच्या ग्रेडच्या गाठींत जास्त आढळतात. पण नेहमीचं शिखर दाखवणारी गाठही घातक निघू शकते. त्यामुळे एवढ्यावर ग्रेड ठरत नाही.

म्हणून मोजदाद चोख हवी. ‘दहा क्षेत्रांत इतक्या’ असं लिहिणं पुरेसं नाही. प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं क्षेत्र सारखं नसतं, नव्या यंत्रांत ते बहुधा मोठं असतं. किती चौरस मिलिमीटरमध्ये मोजलं, हे प्रत्येक रिपोर्टवर असायलाच हवं. त्या आकड्यावर कुणाचे तरी उपचार ठरणार असतात.