विरल मृत्तिकांचा थांबलेला प्रकाश

बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लामता हे स्थानक लागते. १९५६ पर्यंत नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती. रॉकेलच्या कंदिलापासून पांढऱ्या एलईडी दिव्यापर्यंतचा प्रवास अशा गावांतील वडीलधाऱ्यांनी एकाच आयुष्यात पाहिला आहे. बिघडलेला एलईडी दिवा वीजपुरवठ्यापासून काढून त्याची दुधी टोपी उघडली, तर आत बहुधा पिवळे बारीक चौकोन दिसतात. दिवा पांढरा, मग लेप पिवळा का? लेपाखालील अर्धवाहकाचा कण वस्तुतः निळा प्रकाश देतो. लेपातील सीरियम हे मूलद्रव्य त्यातील काही भाग शोषून पिवळा प्रकाश बाहेर टाकते आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यास पांढरेपणा भासतो. शिक्षकांना वर्गात दाखविण्यास इतकी स्वस्त वस्तू क्वचितच मिळेल.

सीरियम हे विरल मृत्तिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सतरा मूलद्रव्यांपैकी एक होय. या कुळाचा शोध स्वीडनमधील इटर्बी या लहानशा गावाजवळील खाणीत सापडलेल्या काळ्या खनिजापासून सुरू झाला. १७९४ मध्ये योहान गॅडोलिन यांनी त्यातून नवी मृत्तिका वेगळी केली. पुढे त्या एका गावावरून चार मूलद्रव्यांना नावे मिळाली : इट्रियम, टर्बियम, अर्बियम व इटर्बियम. ‘विरल’ हे विशेषण मात्र फसवे आहे. ज्या तांब्याच्या खाणीमुळे बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड प्रसिद्ध आहे, त्या तांब्याइतकेच सीरियम पृथ्वीच्या कवचात आढळते. अडचण आहे ती या भावंडांना एकमेकांपासून वेगळे करण्याची. भारतात ती मुख्यतः समुद्रकाठच्या वाळूतील मोनाझाइट या खनिजापासून मिळवितात.

या मूलद्रव्यांचा प्रकाश इतरांहून निराळा का, याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे. जुन्या वाड्यात माजघर आतल्या बाजूस असते. रस्त्यावरचा गलबला तेथवर पोहोचत नाही. विरल मृत्तिकांच्या अणूतील प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन असेच आतल्या कक्षेत असतात आणि बाहेरच्या कक्षा त्यांना आडोसा देतात. त्यामुळे स्फटिकातील शेजारच्या अणूंचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि त्यांचे रंग अतिशय नेमके राहतात. युरोपियमचा लाल रंग व टर्बियमचा हिरवा रंग ही त्याची उदाहरणे होत. (सीरियम याला अपवाद आहे. त्याचा इलेक्ट्रॉन ऊर्जा मिळताच बाहेरच्या ओसरीवर येतो, म्हणून त्याचा पिवळा रंग पसरट असतो.)

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. सामान्यतः ऊर्जा मिळालेला इलेक्ट्रॉन सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागातच ती टाकून खाली उतरतो. इट्रियम–ॲल्युमिनियम गार्नेटच्या स्फटिकातील निओडिमियम मात्र सुमारे २३० मायक्रोसेकंद, म्हणजे वीस हजार पटींहून अधिक काळ, थांबतो. लेसरक्रियेला हेच थांबणे उपयोगी पडते. तेवढ्या अवधीत असंख्य अणू वरच्या पायरीवर गोळा होतात. त्यांतील एकाचा प्रकाश दुसऱ्यावरून गेला की दुसराही त्याच रंगाचा, त्याच दिशेचा व त्याच तालाचा प्रकाश सोडतो. दोन आरशांमध्ये ही क्रिया वाढत जाऊन प्रखर शलाका बाहेर पडते. १९६० मधील पहिल्या, माणकाच्या लेसरमध्ये निम्म्याहून अधिक अणू वर चढवावे लागत. निओडिमियममध्ये इलेक्ट्रॉन जेथे उतरतो ती पायरी लगेच रिकामी होत असल्याने थोड्या अणूंवरही काम भागते. हा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही या जातीचे लेसर विकसित करण्यात आले आहेत.

ग्रामस्थांचा या लेसरशी संबंध बहुधा नेत्ररुग्णालयात येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी काहींना पुन्हा धूसर दिसू लागते आणि ‘मोतीबिंदू परत आला’ असे समजून वृद्ध मंडळी घरी बसून राहतात. मोतीबिंदू परत येत नसतो. कृत्रिम भिंग ज्या पिशवीत बसविलेले असते तिचा मागचा पडदा गढूळ होतो. निओडिमियम लेसरचा, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता स्पंद त्या पडद्यावर एकाग्र करून त्यात झरोका पाडतात. चिरा नाही, टाका नाही. काही मिनिटांत काम होते. त्यानंतर डोळ्यापुढे अचानक ठिपके, चमका वा पडदा दिसू लागल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

थांबण्याचा तिसरा प्रकार महिनोन्‌महिने चालतो. क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्याच्या छातीवरील टीएलडी बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेट व टेफ्लॉन यांच्या तीन चकत्या असतात. शाळेतील पांढरा खडूही बहुधा याच सल्फेटचा जलयुक्त प्रकार असतो. फरक एवढाच, की चकतीत अत्यल्प डिस्प्रोशियम मिसळलेले असते. किरणांनी सुटे केलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील खाचांत अडकून राहतात. प्रयोगशाळेत चकती दोनशे अंशांहून अधिक तापविली की ते सुटतात आणि त्यांची ऊर्जा डिस्प्रोशियम प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. जितका प्रकाश, तितकी किरणमात्रा. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली ही पद्धत देशात १९७५ पासून वापरात आहे. कर्मचाऱ्याला मिळणारी मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे.

बिल्ला शिशाच्या ॲप्रनच्या आत, छातीवर लावावयाचा असतो. तो खणात पडून राहिला तर अहवालात मात्रा नगण्य दिसेल, आणि अधिकारी त्याच आकड्यावर विसंबून सही करतील. उलट, तो यंत्राच्या खोलीतच टांगून ठेवला तर न घेतलेली मात्रा कर्मचाऱ्याच्या नावे लागेल. चकतीला माणूस ओळखता येत नाही. शिवाय, वाचनासाठी तापविताच तिच्यातील साठा पुसला जातो आणि ती पुन्हा वापरण्यास मोकळी होते. मागे राहते ती फक्त नोंदवहीतील संख्या.