झाडाचं माहेरचं नाव

तान्हा पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारची वेळ. भांडी आवरून मी जरा कुठे आडवी झाले होते, तोच शेजारच्या वहिनींची हाक आली. हाक कसली, किंकाळीच! धावत गेले तर त्यांचा सात वर्षांचा मुलगा ओट्यावर वाकून उलट्या करतोय, आणि गल्लीतली आणखी दोन मुलं पोट धरून बसलेली.

आमची नालवाडी वर्ध्याला अगदी लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागे शेतं होती. आता तिथे लेआउट पडलेत. काही प्लॉटवर बंगले उठलेत, काही नुसतेच पडून आहेत. त्यातल्याच एका रिकाम्या प्लॉटच्या कुंपणाला मुलं खेळायला गेली होती. तिथल्या झाडाची फळं फोडून आतल्या काळ्या बिया त्यांनी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. चवीला गोडसर लागल्या म्हणे.

"एरंडी खाल्ली पोरांनी!" असा गल्लीभर गलका झाला. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, उलटून पडेल. कुणी ताक आणलं. तेवढ्यात माझ्या सासूबाई काठी टेकत आल्या.

"काही पाजू नका पोट्ट्यायले. आधी दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या, आणि स्वतः उलट दिशेला, त्या प्लॉटकडे चालू लागल्या. मला काही कळेना. ऑटो येईपर्यंत त्या परतल्या. हातात पानांची एक फांदी, तिला लगडलेली तीन-चार हिरवी-पिवळी फळं. ती त्यांनी पिशवीत घातली आणि माझ्या लेकीच्या हातात दिली. "हे घेऊन जा संगं. डॉक्टरले दाखव. हे एरंडी नाही व, चंद्रज्योत हाये. एरंडीच्या बोंडाले काटे रायते."

माझी लेक तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय वनस्पतिशास्त्र. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "काय खाल्लं?" वहिनी म्हणाल्या, एरंडी. दुसऱ्या मुलाचे काका म्हणाले, रतनज्योत. ऑटोवाला म्हणाला, जंगली बदाम. तिघांची तीन नावं! डॉक्टर तरुण होते, आपल्या भागातले नव्हते. लेकीने पिशवीतून फांदी काढून त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "सर, जट्रोफा करकस."

त्यांनी लगेच मान डोलावली. मुलांना सलाईन लागलं, रात्रभर देखरेखीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही घरी येऊन पुन्हा उंडारायला मोकळी!

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोक्यात एकच विचार. फांदी ओळखली ती शाळेची पायरी न चढलेल्या सासूबाईंनी. डॉक्टरांना कळेल असं नाव घेतलं ते माझ्या लेकीने. दोघींपैकी एक जरी नसती, तर?

दुसऱ्या दिवशी लेकीला समोर बसवलं. म्हटलं, हे तुझं लॅटिन प्रकरण काय आहे, ते मला नीट सांग.

तिने सांगितलं ते मला इतकं आवडलं, की मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावंसं वाटलं. स्वीडनमध्ये कार्ल लिनियस नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. जन्म १७०७, मृत्यू १७७८. त्यांच्या आधी झाडांची शास्त्रीय नावं म्हणजे लॅटिनमधली लांबलचक वाक्यं असत. पानं अशी, फुलं तशी. लिनियस यांनी १७५३ साली जवळपास सहा हजार वनस्पतींचा ग्रंथ छापला आणि त्यात प्रत्येकीला दोन शब्दांचं सुटसुटीत नाव दिलं. आधी आडनाव, मग नाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर असतं ना, अगदी तसंच! जगभरच्या अभ्यासकांनी वनस्पतींच्या नावांची सुरुवात त्याच ग्रंथापासून मोजायची असं ठरवलं आहे.

या लिनियस यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही. तरी आपल्या परसातली किती झाडं त्यांच्या वहीत! तुळस त्यांची, पिंपळ त्यांचा, देशी कापूस त्यांचा. पावसाळ्यात आपण खुडतो ती घोळ, कुरडू, केना, तरोटा, ही सगळी १७५३ च्या त्याच ग्रंथातली. एरंड आणि चंद्रज्योतही तिथलेच. या नावांच्या शेवटी 'एल.' असं एक अक्षर लिहितात, म्हणजे हे नाव लिनियस यांनी दिलेलं.

नावांच्या गमतीही आहेत. एरंडाचं आडनाव रिसिनस, म्हणजे लॅटिनमध्ये गोचीड. एरंडीचं बी हातात घेऊन बघा, फुगलेल्या गोचिडीसारखंच दिसतं की नाही! जट्रोफा हे नाव ग्रीक भाषेतल्या 'वैद्य' आणि 'अन्न' या दोन शब्दांवरून आलंय. आमच्या गल्लीतल्या मुलांनी ते अन्न खाल्लं आणि थेट वैद्याकडेच पोचली! केन्याच्या फुलाला दोन पाकळ्या ठसठशीत आणि तिसरी अगदी लहान. कमेलिन नावाच्या डच घराण्यातले दोघे नामांकित वनस्पतीतज्ज्ञ होते, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. त्या तिघांची आठवण म्हणून लिनियस यांनी केन्याचं आडनाव ठेवलं कमेलिना.

पण इतक्या दूरच्या माणसाला आपल्याकडची झाडं कळली कशी? केरळात डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला होता, 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. लिनियस यांनी त्याचा भरपूर आधार घेतला. झाडांची माहिती दिली ती तिथल्या वैद्यांनी. इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी दिलेला दाखला कोकणी भाषेत, आपल्या देवनागरी लिपीत, पहिल्या खंडात छापलेला आहे. त्यामुळे त्यांची नावं आज साडेतीनशे वर्षांनीही आपण घेऊ शकतो. बकुळीच्या शास्त्रीय नावात 'एलेंगी' हा शब्द आहे, तो तिच्या मल्याळी नावावरूनच आलेला. आमच्यापासून जवळच सेवाग्रामच्या आश्रमात कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. आता तिथे गेले की मला हे हटकून आठवतं.

मग मी लेकीला विचारलं, "आणि बायका? यात एकही बाई नाही का गं?"

ती म्हणाली, "आहे ना. पण तिला पुरुषाचे कपडे घालावे लागले."

फ्रान्सच्या एका खेड्यात १७४० साली जन्मलेली जान बारे, गरीब घरची मुलगी. फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतीतज्ज्ञाकडे ती घरकाम बघायची. १७६६ साली बूगेनव्हिल यांची जहाजं जगप्रदक्षिणेला निघाली, त्यात कॉमर्सन यांची नेमणूक झाली. जहाजावर बाईला मनाई. म्हणून जान पुरुषवेषात, त्यांचा नोकर म्हणून चढली. कॉमर्सन यांचा पाय दुखरा. डोंगरदऱ्यांतून ओझी वाहायची, झाडं गोळा करायची, ती हिने. ब्राझीलमध्ये रिओ इथे त्यांना एक रंगीत वेल सापडली. काही अभ्यासकांच्या मते ती जाननेच खुडून आणली असावी. नाव मात्र पडलं मोहिमेच्या प्रमुखांचं, आणि ते १७८९ साली छापून आलं. तीच ही आपली बोगनवेल! आमच्या लेआउटमधल्या निम्म्या बंगल्यांच्या फाटकावर ती फुललेली असते.

कॉमर्सन यांनी एका झाडाला जानचं नाव दिलं होतं, पण ते शास्त्रात टिकलं नाही. पृथ्वीला फेरी घालणारी ही पहिली ज्ञात स्त्री. तिच्या नावाची एक वनस्पती शास्त्रात आली ती थेट २०१२ साली. ती आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातली, दक्षिण अमेरिकेतली. इकडे ब्रिटनच्या लॉर्ड ब्यूट यांच्या नावाने आपला पळस ब्यूटिया झाला. कुठे तो लॉर्ड आणि कुठे होळीच्या दिवसांत विदर्भात पेटलेला पळस! मान मिळायला हातात सत्ता तरी हवी, नाहीतर लेखणी तरी.

आणखी एक गोष्ट लेकीने सांगितली, ती मात्र माझ्या मनात रुतून बसली. लिनियस यांनी तरोट्याला कॅसिया टोरा म्हटलं होतं. पुढे रॉक्सबर्ग यांनी त्याला दुसऱ्या घरात नेऊन बसवलं, आडनाव झालं सेना. आता त्याचं नाव सेना टोरा. पण नियम असा, की पहिलं नाव ज्याने दिलं त्याचं 'एल.' पुसायचं नाही. ते कंसात राहतं. म्हणजे झाड दुसऱ्या घरात गेलं तरी आधीची खूण कागदावर कायम!

मी हसून म्हटलं, "तरोट्याचं नशीब आमच्यापेक्षा बरं म्हणायचं."

त्या वर्षी लेकीला कॉलेजसाठी हर्बेरियम करायचं होतं. म्हणजे झाडं वाळवून, दाबून, कागदावर चिकटवून त्यांची नोंद करायची. मोबाईलवर फोटो टाकून नावं शोधायचा तिचा बेत होता. पण एकाच फोटोला तीन-तीन नावं येऊ लागली, तेव्हा पोरगी आजीला शरण गेली.

मग रोज सकाळी दोघी बाहेर. शेताच्या उरलेल्या धुऱ्यांवर, रिकाम्या प्लॉटमध्ये, नालीच्या कडेला. सासूबाई काठीने दाखवणार, ही खुडायची, ही गुरांनाही द्यायची नाही, ही फक्त कोवळी असताना खायची. तरोटा फुलावर आला की भाजीला घ्यायचा नाही. कुरडूची भाजी कोवळ्या पानांची. पोरगी लिहून घेणार. दोघींची मधूनमधून भांडणंही व्हायची. "तुह्या पुस्तकातलं मले काय समजते!" असं म्हणत सासूबाई बसून घ्यायच्या आणि पाच मिनिटांत पुढची भाजी दाखवायला उठायच्या.

याच नालवाडीत १९३२ च्या अखेरीस विनोबा राहायला आले होते, पुढे १९३८ मध्ये पवनारला गेले. सूत कातून येईल त्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी इथे केला. कापसाच्या त्या धाग्याचीही दोन नावं. देशी कापूस लिनियस यांनी १७५३ साली नोंदवला आणि आज सगळीकडे पेरतात तो अमेरिकन कापूस १७६३ साली. आपण दोघांनाही कापूसच म्हणतो. पण शेतकऱ्याला विचारा, दोन्हींत किती फरक ते!

म्हणून मला वाटतं, दोन्ही नावं हवीत. बोलीतलं नाव माणसाला झाडाजवळ नेतं, पण ते गावागणिक बदलतं. रतनज्योत म्हटलं तर कुणी चंद्रज्योत समजतं, आणि मसाल्याच्या दुकानात लाल रंगाची मुळी पुढे येते. एक भाजीला रंग देणारी, दुसरी मुलांना दवाखाना दाखवणारी! शास्त्रीय नाव वर्ध्यात, वाराणसीत, स्वीडनमध्ये एकच. पण नुसतं नाव पाठ असून भागत नाही. झाडच ओळखता आलं नाही तर नाव लावणार कुणाला?

मैत्रिणींनो, एवढं मात्र लक्षात ठेवा. एरंडाची पानं मोठी, पंजासारखी खोल कापलेली, बोंडांवर मऊ काटे. चंद्रज्योतीची पानं कमी कापांची, फळं लिंबोणीएवढी गुळगुळीत. पोटात दोन्ही बिया वाईटच, आणि एरंडीचं बी चावून खाल्लं तर जास्त घातक. मुलांनी अनोळखी काही खाल्लं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, उलटी करवू नका. दवाखाना गाठा, आणि त्या झाडाची फांदी, फळासकट, सोबत न्या.

हर्बेरियमच्या प्रत्येक कागदावर खाली एक चिठ्ठी असते. शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, आणि शेवटी संग्राहकाचं नाव. पहिला कागद तरोट्याचा होता. लेकीने बाकी सगळं लिहिलं आणि पेन थांबवलं.

"आजी, शोधून तू दिलं. इथे तुझं नाव लिहिते. काय लिहू?"

आम्हाला वाटलं, घरात रेशनकार्डावर आहे तेच सांगतील. सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी एक वेगळंच नाव सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं, त्याच्या आधीचं. त्यांच्या आईने ठेवलेलं. बावीस वर्षं या घरात राहून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

लेकीने चिठ्ठीवर ते नाव लिहिलं. आताचं नाव त्याच्यापुढे कंसात घातलं.

"बराबर लिवलं न व?" सासूबाईंनी विचारलं, आणि वाचता येत नसतानाही तो कागद त्या कितीतरी वेळ हातात धरून बसल्या.