सिंक तुंबले? ॲसिडची बाटली आधी बाजूला ठेवा

सिंक तुंबते ते नेमके घरात पाहुणे असताना. आमच्याकडे हा योग दिवाळीच्या आदल्या रविवारी जुळून आला. चकल्या, शेव, शंकरपाळे तळून झाले होते. कढया आणि झारे सिंकमध्ये पडले होते. सासूबाईंनी चकलीच्या पिठाची परात विसळली आणि पाणी जे थांबले ते जागचे हलेना. तासाभरात वर तेलाचा तवंग, खाली राखाडी पाणी आणि घरभर आंबूस वास. प्लंबरला फोन केला, तर तो म्हणाला, ‘‘ताई, आज जमणार नाही, उद्या सकाळी येतो.’’ पण रात्रीच्या भांड्यांचे काय? मी संडास साफ करायला आणलेली ॲसिडची बाटली उचलली आणि निम्मी सिंकमध्ये ओतली.

पाणी उतरले नाहीच. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, जेमतेम विशीतला मुलगा. ओट्याखाली बसून त्याने ट्रॅपचे झाकण फिरवले आणि अडकलेले सगळे पाणी त्याच्या मनगटावर आले. ॲसिडचे सांगायला मी साफ विसरले होते. तो ओरडला तेव्हा आठवले. वीस मिनिटे त्याचा हात वाहत्या नळाखाली धरून ठेवला, मग डॉक्टरांकडे नेले. भाजणे वरवरचे निघाले, हे नशीब. तो एवढेच म्हणाला, ‘‘ताई, आधी सांगायचं ना.’’

नंतर हात बरा झाल्यावर तो पुन्हा आला, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून हे काम शिकून घेतले. त्यानंतर आमचे सिंक दोनदा तुंबले, दोन्ही वेळा मीच मोकळे केले. ॲसिड लागले नाही.

आत नेमके काय अडकते?

आपल्याला वाटते, भाजीचे देठ किंवा भाताची शिते अडकली असतील. ती असतातच, पण त्यांना धरून ठेवणारा खरा गुन्हेगार असतो तेलतूप. कढईतले उरलेले तूप गरम पाण्याबरोबर पातळ होऊन निघून गेलेले दिसते, पण ते पुढच्या वळणापर्यंतच. थंड पाईपमध्ये ते पुन्हा गोठते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली घट्ट होते. साजूक तूप आणि वनस्पती तूप तर त्याआधीच. म्हणून थंडीत सिंक जास्त तुंबतात. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर त्यातला कॅल्शियम आणि चरबी यांचा साबणासारखा पांढरट, घट्ट साका बनतो. त्यावर चहाचा चोथा, कणीक, अंड्याची टरफले येऊन बसतात आणि दीड इंची पाईपमध्ये बोट जाईल एवढीच वाट उरते.

ही गोष्ट फक्त आपल्या घरापुरती नाही. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखालच्या गटारात चरबी आणि फेकलेले ओले टिश्यू यांचा सुमारे २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता. वजन १३० टनांच्या आसपास! तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढे २०१८ मध्ये तिथल्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला होता. साहेबांचे काही सांगता येत नाही.

सिंकखालचा बाटलीसारखा भाग किंवा वळण म्हणजे ट्रॅप. त्यात थोडे पाणी मुद्दाम साठून राहते, त्यामुळे गटारातला वास आणि झुरळे वर येत नाहीत. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने संडासासाठी अशा वळणाच्या नळीचे पेटंट घेतले होते. युक्ती साधी आहे, पण जे वळण वास अडवते तेच खरकटेही अडवते. पुष्कळ घरांत सिंकला ट्रॅप नसतोच. वळ्यावळ्यांचा लवचीक पाईप सरळ खाली जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. त्या वळ्यांत तेलाचा थर फार लवकर धरतो.

आधी निदान, मग उपाय

घाईने काही ओतण्याआधी बाथरूममध्ये आणि मोरीत पाणी सोडून पाहा. तिथले पाणी नीट जात असेल, तर अडथळा सिंकजवळच आहे. सगळीकडेच पाणी सावकाश उतरत असेल, किंवा वरच्या मजल्यावर भांडी घासली की तुमच्या सिंकमध्ये पाणी वर येत असेल, तर अडथळा इमारतीच्या सामाईक पाईपमध्ये किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. तिथे तुमचा कोणताही घरगुती इलाज चालणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा आणि तोवर नळ बंद ठेवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

अडथळा सिंकचाच असेल, तर साचलेले पाणी मग्याने बादलीत काढा. पाणी थोडेथोडे उतरत असेल आणि संशय तेलतुपाचा असेल, तर धुण्याचा सोडा दोन-तीन चमचे गरम पाण्यात विरघळवून सावकाश ओता. पाणी उकळते नको. पीव्हीसी पाईप उकळत्या पाण्याने मऊ पडतो, सांधे सैल होतात. आणि पीठ किंवा कणीक गेली असेल, तर गरम पाणी अजिबात घालू नका. पीठ आतल्या आत शिजते आणि त्याची खळ होते! आमच्या चकलीच्या पिठाचे तेच झाले होते, कारण ॲसिडच्या आधी मी पातेलेभर उकळते पाणीही ओतले होते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हा उपाय आता फार लोकप्रिय झाला आहे. फेस भरपूर येतो, पाहायला मजाही येते. पण दोघे एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात आणि मागे उरते ते जवळजवळ मीठपाणी. नुकसान नाही, पण गच्च बसलेला थर त्याने सुटत नाही.

खरे काम करतो तो लाकडी दांड्याचा रबरी पंप, म्हणजे प्लंजर. संडासासाठीचा वेगळा आणि सिंकसाठीचा वेगळा ठेवा, हे सांगायला नको. सिंकमध्ये रबराची वाटी बुडेल एवढे पाणी ठेवा. दोन कप्प्यांचे सिंक असेल तर दुसरे भोक आणि वर पाणी जाण्याची फट असेल तर तीही ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो आणि आपण उगीच हात दुखवून घेतो. मग न उचलता पंधरावीस वेळा खालीवर दाबा आणि शेवटी झटक्यात उचला. अडथळा ढकलला जातो तसा ओढलाही जातो, म्हणून वर ओढण्यातही तेवढाच जोर हवा. तीन-चारदा करून पाहा.

तेवढ्यानेही नाही झाले, तर ट्रॅप उघडावा. याची उगीच भीती वाटते. खाली बादली ठेवा, हातात रबरी मोजे घाला आणि बाटलीचा खालचा पेला हाताने फिरवून काढा. पान्हा शक्यतो नको, प्लॅस्टिकचे आटे चिरतात. आतला वॉशर कसा बसला आहे ते नीट पाहून ठेवा. (माझा पहिल्या वेळी उलटा बसला होता, रात्रभर ओट्याखाली पाणी टपकत होते.) पेल्यातला गाळ कचऱ्यात टाका, सिंकमध्ये नाही. जुन्या टूथब्रशने आतून घासा, परत बसवा आणि पाणी सोडून सांध्याखाली कोरडा कागद धरा. तो भिजला नाही, तर काम झाले.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी अडत असेल, तर पुढच्या पाईपमध्ये स्प्रिंग घालावी लागते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अडकेल तिथे जोर न लावता गोल फिरवत पुढे सरकवायची. नहाणी ट्रॅप असेल तर आधी त्याची जाळी उचलून आतला गाळ काढून पाहा, बरेचदा तिथेच सगळे साठलेले असते. लवचीक पाईप मात्र साफ करत बसण्यापेक्षा बदलून टाकावा.

ॲसिड आणि सफाईची पावडर

बाजारातले संडासाचे ॲसिड सिमेंट आणि क्षाराचे डाग खाते, पण तेलतुपाच्या थरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. उलट स्टीलच्या सिंकवर बारीक खड्डे पडतात, फरशीची चकाकी जाते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी सफाईच्या नावाने ते घरोघर सापडतेच. काही घरांत तर शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले असते! लहान मुलाने ती तोंडाला लावली, तर काय होईल?

पाईप मोकळे करण्याच्या पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण करतो, म्हणून खरोखर उपयोगी पडतो. पण पाणी लागताच तो तापतो, त्वचा आणि डोळे जाळतो आणि पाणी पूर्ण अडलेले असेल तर तळाशी बसून दगडासारखा घट्ट होतो. वापरायचाच असेल तर पाकिटावरच्या सूचना वाचून, मोजे घालून, खिडकी उघडी ठेवून वापरा. ॲल्युमिनियमची भांडी सिंकमधून आधी काढा. त्यावर ॲसिड कधीही ओतू नका, मिश्रण उसळून अंगावर येते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. डोळे आणि घसा झोंबू लागला की काम सोडून लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा.

अंगावर उडालेच तर ओला कपडा आणि बांगड्या काढून निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. सोडा, चुना, टूथपेस्ट असे काही लावू नका. डोळ्यात गेले तर तसेच धूत राहा आणि डॉक्टरांकडे चला. आणि काहीही ओतले असेल, तर प्लंबर दारात येताच त्याला ते सांगा, तो खाली बसण्यापूर्वी.

आता आमच्याकडे सिंकच्या भोकावर बारीक जाळी असते. कढईतले तेल आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेतले जाते. चहाचा चोथा कुंडीत जातो, तोही धुऊन, कारण साखरेने मुंग्या येतात. पीठ लागलेली परात सासूबाई आधी कोरडी खरवडतात आणि मगच विसळतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ट्रॅपचा पेला उघडते. बादली, जुना ब्रश आणि दहा मिनिटे, एवढेच लागते.